उमेदवाराची संपत्ती आणि मतदारांशी संबंध: कोकणातल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमेदवाराकडे किती पैसा आहे हे बघायचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की, उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे. सरकारने कायद्यात बदल करून ही माहिती आखडती घ्यायचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ च्या निकालाने तो बदल रद्द झाला. तेव्हापासून लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. आज ते नमुना २६ मध्ये असतं. २०१७-१८ च्या सुमारास त्यात उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं आली. २०१९ साली पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतले आकडे आणि परदेशातली मालमत्ता यांची भर पडली. त्यामुळे २०१४ चं प्रतिज्ञापत्र आणि २०२४ चं प्रतिज्ञापत्र समोरासमोर ठेवलंत, तर जुन्यात काही रकाने सापडणारच नाहीत. ती उमेदवाराची लपवाछपवी नव्हे.

हे कागद मिळतात कुठे? पैसे लागतात का?

भारत निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. राज्य, निवडणूक आणि मतदारसंघ निवडला की नावं येतात. मोबाइलवर आयोगाचं ‘नो युवर कँडिडेट’ ॲप आहे. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर मागच्या निवडणुकांचे आकडे गोषवारा करून ठेवलेले असतात. तुलनेला ते फार सोयीचे आहेत, पण शेवटी मूळ स्कॅन उघडूनच बघा. गोषवाऱ्यात सर्व्हे नंबर आणि खरेदीची तारीख सहसा हरवते, आणि कोकणात नेमकी तीच माहिती कामाची. इंटरनेटची रेंज नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर प्रत लावलेली असते.

घाई एकाच कारणासाठी करायची. अर्ज भरणं, छाननी आणि माघार हे सगळं दोन आठवड्यांच्या आत उरकतं. काही आक्षेप घ्यायचा असेल तर प्रचार रंगेपर्यंत थांबून उपयोग नाही.

चाळीस पानांचा कागद आहे. सुरुवात कुठून करू?

शेवटून. भाग ‘ब’ हा गोषवारा असतो. त्यात एकूण जंगम, एकूण स्थावर, देणी आणि शेवटच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न दोन-तीन पानांत दिसतं. ते डोक्यात ठेवून भाग ‘अ’कडे या. त्यात मालमत्तेच्या तक्त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती असे वेगवेगळे रकाने असतात. बातमीत येणारा ‘इतक्या कोटींचा मालक’ हा आकडा कधी या सगळ्यांची बेरीज असतो, कधी फक्त उमेदवाराचा. वाद घालण्याआधी कुठला आकडा आहे ते बघून घ्या.

एकही रकाना कोरा चालत नाही. माहिती नसेल तर ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असं लिहावं लागतं. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालानंतर कोरी जागा सोडणाऱ्याला निर्णय अधिकारी नोटीस देतो आणि तरीही भरली नाही तर अर्ज बाद करू शकतो. भरलेली माहिती खरी की खोटी, हे मात्र तो तपासत नाही. अधिकाऱ्याने अर्ज स्वीकारला म्हणजे आकड्यांवर सरकारी शिक्का बसला, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे.

श्रीमंत उमेदवार म्हणजे लोकांपासून तुटलेला, असं धरून चालावं का?

नाही. आम्ही तरी आकड्याच्या आकारावरून माणसाची पारख करत नाही. रत्नागिरीजवळ रस्त्याला लागून वडिलोपार्जित दोन एकर असली की माणूस कागदावर कोट्यधीश होतो. प्रत्यक्षात त्या जमिनीवर भावकीतल्या वीस जणांची नावं असतात आणि विकायला एकाचीही सही मिळत नाही. उलट, कागदावर नऊ लाखांची मालमत्ता दाखवणारा, पण सगळा व्यवहार भावाच्या आणि मेहुण्याच्या नावावर करणाराही असतो.

राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर १९७१ ते १९८९ पर्यंत सलग पाच वेळा प्राध्यापक मधु दंडवते यांना निवडून दिलं. साधेपणाचा दाखला म्हणून ही नावं आजही सभांत घेतली जातात. त्या काळात प्रतिज्ञापत्रच नव्हतं, मतदार त्यांना कामावरून ओळखत होते. म्हणून संपत्ती आणि संपर्क या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. संपत्तीत तीन गोष्टी बघायच्या: ती कशी वाढली, कुठे गुंतली आहे, आणि त्यामुळे उमेदवार कोणत्या निर्णयात स्वतःच लाभार्थी ठरतो.

पाच वर्षांत संपत्ती दुप्पट झाली. हा घोटाळा समजायचा का?

आधी वाढीचे तुकडे पाडा. उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा २०१९ ला एकूण मालमत्ता २ कोटी १० लाख होती आणि २०२४ ला ४ कोटी ६० लाख. वाढ अडीच कोटी.

पहिला तुकडा जुन्याच वस्तूंच्या किंमतवाढीचा. वडिलोपार्जित जमीन तीच, फक्त बाजारभाव १ कोटी २० लाखांनी वाढवून लिहिला. सोनं तेच ४०० ग्रॅम, पण १३ लाखांचं २९ लाख झालं. सोन्याच्या बाबतीत रुपये वाचूच नका, वजन वाचा. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांच्या दरम्यान सोन्याचा भाव दुपटीहून वर गेला. वजन तेच असेल तर विषय संपला. वजन ४०० चं ९०० ग्रॅम झालं असेल तर प्रश्न उभा राहतो.

दुसरा तुकडा नव्या खरेदीचा. ७० लाखांचा भूखंड, २४ लाखांची गाडी, ठेवींत २० लाखांची भर, मिळून १ कोटी १४ लाख. या रकमेचा मेळ लावायचा. पाच वर्षांत नवरा-बायकोने आयकर विवरणात दाखवलेलं उत्पन्न ६२ लाख. कर्ज ३० लाखांनी वाढलं. झाले ९२ लाख. बावीस लाख कमी पडतात, आणि यात घरखर्च धरलेलाच नाही.

याचा अर्थ लगेच काळा पैसा असा होत नाही. वारसाहक्काची वाटणी, जुनी मालमत्ता विकून आलेले पैसे, नातेवाइकांची भेट किंवा करमुक्त शेती उत्पन्न यातून ही फट भरू शकते. तुम्हाला मात्र सभेत विचारायला नेमका प्रश्न मिळाला: ‘नव्या खरेदीतले बावीस लाख कुठून आले?’ ‘एवढी इस्टेट कशी केलीत’ या प्रश्नाला भाषण मिळतं. बावीस लाखांच्या प्रश्नाला उत्तर तरी मिळतं, नाहीतर ते टाळलेलं चारचौघांना दिसतं.

शेतीचं उत्पन्न दाखवलंय, पण कलमं कुठे आहेत तेच कळत नाही.

शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून हिशेब न लागणारी रक्कम त्या रकान्यात सरकवायचा मोह होतो. पडताळायची सोपी वाट सातबाऱ्यातून जाते. गाव नमुना १२ वर पीकपाहणी असते. त्यात आंबा, काजू, नारळ किती क्षेत्रावर आहे ते दिसतं. क्षेत्र ‘पोटखराबा’ (लागवडीलायक नसलेलं) किंवा ‘पड’ आणि उत्पन्न मात्र पंचवीस लाख, असं असेल तर विचारा. पीकपाहणीच्या नोंदीही वर्षानुवर्षं तशाच पुढे ओढलेल्या असतात, हे लक्षात ठेवून विचारा. हापूसचा हंगाम एका वर्षी चांगला तर पुढच्या वर्षी थ्रिप्स आणि अवकाळीने झोपतो. दर वर्षी अगदी एकसारखं आंबा उत्पन्न दाखवणारा कागद म्हणूनच जास्त संशयास्पद.

जमिनीची पडताळणी नक्की कशी करायची?

इथे वेळ द्या, कोकणात खरा मामला हाच.

प्रतिज्ञापत्रात प्रत्येक जमिनीसाठी गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित आहे की नाही, स्वतः घेतली असेल तर खरेदीची तारीख, त्या वेळची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव मागितलेला असतो. ‘महाभूलेख’वर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये लागतात. नावावरूनही शोधता येतं, पण एकाच गावात एकाच आडनावाची निम्मी वाडी असते. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय बोट दाखवू नका.

हमखास चूक होते ती क्षेत्रात. नमुन्यात क्षेत्र एकरात, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. सातबाऱ्यावरचं ०.४०.०० म्हणजे ४० आर, म्हणजे साधारण एक एकर. ते ‘०.४० एकर’ वाचून क्षेत्र लपवल्याचा आरोप करू नका. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि हेक्टर म्हणजे २.४७ एकर.

दुसरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. पंचवीस खातेदारांत उमेदवाराचा वाटा किती, हे आणेवारीवरून कळतं, आणि ती बऱ्याच ठिकाणी नोंदलेलीच नसते. काही उमेदवार पूर्ण सर्व्हे नंबरचं क्षेत्र लिहितात, काही फक्त आपला वाटा. दोन निवडणुकांत पद्धत बदलली की जमीन अचानक वाढलेली किंवा गायब झालेली भासते. अशा वेळी फेरफार बघा. खरेदीखत, वारस नोंद, हक्कसोड, वाटप यातलं काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. खरेदीची किंमत बघायची असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि नंबर टाकून सूची क्रमांक २ काढता येते. त्यात मोबदला आणि सरकारी दराने धरलेलं मूल्य दोन्ही छापलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, खरेदीची तारीख. रेवस-रेड्डी सागरी मार्ग, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, चिपीचा विमानतळ, नाणार आणि नंतर बारसूचा रिफायनरी प्रस्ताव: प्रत्येक वेळी कातळसड्यावरची, एरवी गुरं चारायची जमीन रातोरात मोलाची झाली. उमेदवाराने किंवा त्याच्या घरच्यांनी अशा पट्ट्यात जमीन घेतली असेल, तर ती प्रकल्प जाहीर व्हायच्या किती आधी घेतली ते बघा. आजोबांच्या काळापासूनची असेल तर तो तुमच्यासारखाच प्रकल्पबाधित आहे. घोषणेच्या काही महिने आधी घेतली असेल, तर प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात तो जे बोलेल ते या तारखेसह ऐका.

बाजारभाव इतका कमी कसा लिहितात?

कारण तो आकडा उमेदवाराने स्वतः अंदाजाने लिहायचा असतो. बरेच जण रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला दर लावतात. समुद्रालगत खरा व्यवहार त्याच्या कितीतरी वर होतो.

बोटी, ट्रॉलर कुठे दाखवतात?

मोटारगाड्यांच्याच ओळीत विमानं, यॉट आणि जहाजंही आहेत, नोंदणी क्रमांक, खरेदीचं वर्ष आणि किमतीसह. मासेमारी नौका तिथेच यायला हवी, पण ती कधी ‘इतर मालमत्ता’त तर कधी भागीदारी संस्थेच्या नावावर सापडते. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरात नौका कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावर ती नसेल तर विचारा. पर्ससीन (मासळीचा थवा वेढणारं मोठं जाळं) परवाने, बंदी असलेली एलईडी दिव्यांची मासेमारी, डिझेल परतावा, १ जून ते ३१ जुलैची बंदी या सगळ्यावर आमदाराला भूमिका घ्यावी लागते. ज्याची स्वतःची पर्ससीन नौका आहे त्याने ती घ्यावीच, पण पारंपरिक रापणकार आणि गिलनेटवाल्यांसमोर तसं सांगून घ्यावी.

मुलाच्या नावावर हॉटेल आहे, पण प्रतिज्ञापत्रात नाही. हा गुन्हा आहे का?

बहुधा नाही. ‘अवलंबित’ म्हणजे ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उमेदवारावर जगतो तो. कमावता मुलगा, विवाहित मुलगी, भाऊ यांची मालमत्ता द्यावी लागत नाही. ही कायद्यातली मोठी फट आहे. मात्र मुलाला किंवा भागीदारीला उमेदवाराने कर्ज दिलं असेल तर ते ‘दिलेली कर्जे व आगाऊ रकमा’मध्ये यायला हवं. सरकारी कंत्राटांचा वेगळा रकाना आहे, तोही वाचा.

एक जुनी स्कूटर लिहायची राहिली म्हणून निवडणूक रद्द होते का?

२०२४ च्या एप्रिलमध्ये अरुणाचलमधल्या कारिखो क्री खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, राहणीमान दाखवणारी किंवा लक्षणीय किमतीची नसेल अशी प्रत्येक जंगम वस्तू लिहिणं बंधनकारक नाही. तेव्हा बारीकसारीक गोष्टींवर शक्ती घालवू नका.

उमेदवाराला आपली घरं किती हेही सांगता आलं नाही. याला महत्त्व द्यावं का?

द्यावं, बेताने. २००८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना घरं किती असं विचारलं, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांकडून सांगतो असं उत्तर दिलं, आणि सामान्यांचे हाल यांना काय कळणार, अशी टीका प्रचारभर झाली. आपल्याकडे उमेदवाराने घरांची यादी शपथेवर सही करून दिलेली असते. त्यामुळे सभेतलं उत्तर आणि कागद जुळतो का, एवढं बघणं पुरेसं. आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो दुसरा प्रश्न: ‘आठ गुंठ्यांची नारळ-पोफळीची वाडी चक्रीवादळात गेली तर भरपाई किती मिळते?’ ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. आठ गुंठ्यांना त्या हिशेबाने येतात चार हजार. पडलेले माड तोडून, ओढून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागत नाही, आणि नवा माड धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून श्रीवर्धन, दापोलीकडच्या बागायतदारांनी झाडामागे भरपाई मागितली. हे गणित ज्याला तोंडपाठ आहे तो लोकांत बसलेला आहे, त्याची संपत्ती कितीही असो.

उमेदवार मुंबईत राहतो. त्याला इथून उभं राहता येतं?

येतं. विधानसभेसाठी राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असणं पुरतं, लोकसभेसाठी देशातल्या. नमुन्याच्या सुरुवातीलाच मतदार यादीचा भाग आणि अनुक्रमांक असतो, त्यावरून नाव कुठे आहे ते कळतं. चाकरमानी असणं हा दोष नाही, निम्मं कोकण मुंबईच्या पगारावर चालतं. पण गणपती आणि शिमग्याच्या पालखीला दिसणारा माणूस जुलैत, घाट बंद असताना, तालुक्याच्या गावी भेटतो का ते विचारा. त्याच पानावर फोन नंबर आणि समाजमाध्यमांची खातीही लिहिलेली असतात. फोन लावून बघा, उचलतो कोण ते कळेल.

आधी निवडून आलेल्याचा संपर्क कागदावर कसा मोजायचा?

खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग संसदेच्या संकेतस्थळावर आणि विधिमंडळांच्या कामाची माहिती ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानांवर मिळतो. मंत्री आणि अध्यक्ष हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. त्यांचा शून्य हा शून्य नव्हे. विधानसभेचे तारांकित प्रश्न विधानमंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षा विषय वाचा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर वाशिष्ठीच्या गाळाबद्दल कोणी काय विचारलं, महामार्गाच्या रखडलेल्या कामावर कोणी किती वेळा विचारलं, हे त्यातून कळतं.

निधीचं काम सरळ आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटी, महाराष्ट्रात आमदारालाही ५ कोटी. कामांची गावनिहाय यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. माहिती अधिकारात मागा: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीचे पानाला २ रुपये. अर्जात ‘निधीची माहिती द्या’ एवढंच लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. ‘अमुक आर्थिक वर्षात मंजूर कामांची यादी, गाव, वाडी, मंजूर रक्कम, झालेला खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख’ असं लिहा. मग यादीतल्या पाखाड्या, साकव आणि सभामंडप प्रत्यक्ष जाऊन बघा. मंजुरीच्या तारखा निवडणुकीच्या वर्षातच गोळा झाल्या आहेत का, तेही त्यात दिसेल.

मतदानाला मुंबईहून फुकट बस सोडतात. हे चालतं?

मतदाराला मतदान केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने फुकट वाहन देणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे, निवडणूक रद्द होऊ शकते. गणपतीच्या बस वेगळ्या. खर्चाचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचाच धरतात, त्यामुळे त्याआधीच्या बस, अंडरआर्म क्रिकेटची बक्षिसं आणि भजनी मंडळांच्या पेट्या त्यात येत नाहीत. पैसेवाल्याला खरा फायदा तिथे मिळतो. विधानसभेची ४० लाखांची आणि लोकसभेची ९५ लाखांची मर्यादा त्याला तिथे लागू होत नाही.

प्रचाराच्या दिवसांत पैसे, दारू वाटताना दिसलं तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाका. १०० मिनिटांत कारवाईची अपेक्षा आहे. मोबाइलमध्ये आधी काढून ठेवलेला फोटो ते ॲप घेत नाही. सड्यावर रेंज नसेल तर १९५० वर फोन करा.

प्रतिज्ञापत्रात खोटं आहे, माझ्याकडे सातबारा आहे. पुढे काय?

तीन वाटा आहेत. अर्जांच्या काळात तुम्ही स्वतः शपथेवर प्रति-प्रतिज्ञापत्र देऊ शकता. निर्णय अधिकारी तेही फलकावर लावतो. त्यात फक्त कागदाने सिद्ध होणारं लिहा: सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, तारीख. ऐकीव काही नको, कारण शपथ तुमचीही आहे. दुसरी वाट कलम १२५अ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिसरी निवडणूक याचिका. ती मतदारही करू शकतो, पण निकालापासून ४५ दिवसांच्या आत आणि उच्च न्यायालयातच. ही मुदत वाढवून मिळत नाही, म्हणून सातबारा, फेरफार आणि सूची दोनच्या प्रती निकालाआधीच काढून ठेवा.

जिल्हा परिषद, नगर परिषदेला हेच लागू का?

तिथे राज्य निवडणूक आयोगाचा वेगळा नमुना असतो. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती त्यातही द्यावी लागते. तपशील कमी असतो, पण उमेदवार शेजारच्या वाडीतला असल्याने पडताळणी जास्त सोपी जाते. आयोगाच्या संकेतस्थळावर सापडलं नाही तर तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि अर्जाची पोच घ्या.